अकरा डबे आणि कथलाचे रान

मालवणच्या बाजारात सकाळी पेपर आला की लोक आधी निधनवार्तेचे पान उघडतात. त्यात वाईट काही नाही. कोण गेला, कुठल्या वाडीतला, तेरावे कधी, हे वेळेवर कळलेले बरे, नाहीतर त्याच्याच मुलाला भर रस्त्यात "बापूस कसो आसा?" असे विचारून बसायची पाळी येते. सत्यवान पेंडूरकरही सकाळी दुकान उघडले की निधनवार्ताच वाचतो. फक्त त्या माणसांच्या नसतात, पार्टांच्या असतात.

सत्यवान बासष्टीचा. रेडिओपासून ट्रॉलरवरच्या वायरलेसपर्यंत जे जे बोलते आणि एक दिवस बोलायचे थांबते, ते सगळे चाळीस वर्षे त्याच्या टेबलावर येत आले आहे. त्याच्या मोबाइलवर जगभरच्या इलेक्ट्रॉनिक पार्टांच्या बातम्या येतात. कुठल्या कंपनीने कुठला आयसी बनवायचे थांबवले, शेवटची ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत घेणार, हे वाचून तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि मोठ्याने उसासा टाकतो. शेजारच्या सरबतवाल्या धोंडूला तेवढेच हवे असते.

"आज कोण गेलो?"

"आठ पायांचो एक आयसी. पस्तीस वर्षां सेवा केल्यान बिचाऱ्यान."

"अरेरे. पाठी कोण?"

"पोरां आसत रे. पण सगळी बारीक. डोळ्याक दिसत नाय."

बारशाच्या बातम्याही असतात. मागच्या वर्षी जपानकडून बातमी आली की सगळ्यात लहान कंडेन्सर आणखी लहान झाला. नवी मुले त्याला कपॅसिटर म्हणतात, सत्यवानच्या पिढीला कंडेन्सरच बरा वाटतो. लांबी किती, तर मिलिमीटरचा सहावा हिस्सा. ही बातमी सत्यवानला पोटात ठेवता येईना. त्याने घरातून पुडीत खसखस आणली आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तळहातावर एकेक दाणा ठेवत राहिला. "ह्या एका दाण्यार असले पाच-सहा जण ओळीन निजतीत. आणि एकेकाच्या पोटात थरावर थर, पापडाच्या डब्यासारखे!" लोक दाणा बघत, सत्यवानला बघत, आणि खसखस तोंडात टाकून पुढे जात. एका गिऱ्हाइकाला तर त्याने फैलावरच घेतले. "खिशात हजारभर कंडेन्सर घेवन फिरतंस, आणि तेच्यावरून बायलेक मिस्ड कॉल देतंस? लाज नाय वाटत?"

आता इतकी भक्ती देवावर केली असती तर एव्हाना पावला असता, असे त्याची बायको विमला म्हणते. विमला प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. शाळा सुटली, पण चुका शोधायची सवय सुटली नाही, आणि आता वर्गात एकटा सत्यवान उरला आहे.

पण एक गोष्ट विमलाही मान्य करते. नवऱ्याच्या हाताला गुण आहे. पेंडूरहून तो बाजारात आला तेव्हा विशीत होता. बोटीवर वायरलेस सांभाळून परतलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला उघडा रेडिओ दाखवला. काचेच्या वॉल्व्हमध्ये तांबडी वात पेटली आणि खोलीत कोलंबोहून कोणीतरी गायला लागले. मधे तार नाही, दोरी नाही. पोराने रेडिओच्या मागे जाऊन पाहिले म्हणे. त्या दिवशी उघडलेले त्याचे तोंड अजून नीटसे मिटलेले नाही. आणि तेव्हापासून त्याची एकच फुशारकी, ती सगळ्या बाजाराला पाठ: "दुरुस्त नाय झाला असा झाला आसात, पण माझ्या हातान एकय मशीन मराक नाय."

ही फुशारकी गेल्या दसऱ्यानंतर त्याला फार महाग पडली.

शनिवारी दुपारी भक्ती आली. भक्ती म्हणजे सत्यवानच्या बहिणीची मुलगी, दोडामार्गची. मालवणच्या पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला तो मामाच्या घरी राहून. तीन वर्षे मामाने तिला पार्ट ओळखायला शिकवले आणि मामीने मामाकडे दुर्लक्ष करायला. आता डिचोलीच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. पहाटे दोडामार्गच्या नाक्यावर कंपनीची बस येते, त्यात निम्मे दोडामार्ग झोपेत बसून गोव्यात जाते. भक्तीचे काम दुर्बिणीखाली तयार बोर्ड तपासायचे: कुठला पार्ट वाकडा, कुठला सोल्डरचा डाग कच्चा. बरोबर असेल त्यावर तिच्या नंबराचा शिक्का. शिकाऊ म्हणून वर्ष पुरे होत होते. सोमवारी कायम झाल्याचे पत्र मिळायचे होते.

भक्ती ओसरीवर बसली, बॅगेतून दोन करडे डबे काढले आणि रडायला लागली.

"काय झाला गो?" विमला पाणी घेऊन आली. "खंय पडलंस काय?"

"माका काढतले मामी. सोमवारी."

डबे सत्यवानच्या ओळखीचे होते. होडी कुठे आहे ते किनाऱ्याला कळवणारे आणि वादळाचा इशारा होडीला देणारे हे यंत्र. भक्तीच्याच कारखान्यात बनलेले. मच्छीमारांच्या एका सोसायटीने असे तीस घेतले होते. एकोणीस देवगड-वेंगुर्ल्याकडे गेले, अकरा मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर. मालवणचे अकराही डबे दीड-दोन महिन्यांत मेले. एकामागून एक, आणि सोसायटीने ते न उघडता परस्पर कारखान्यात धाडले. आणि नंबर बघितले तर अकराही ओळीने लागोपाठचे, एकाच दिवशी तपासलेले, एकाच शिक्क्याचे.

"सुदेशसर म्हणाले, तुझ्या नजरेतून एवढा मोठा दोष सुटला कसा?" भक्ती डोळे पुसत म्हणाली. सुदेश नाईक हा तिथला तपासणीचा मुख्य, फोंड्याचा. "दोन डबे दिल्यानी. सोमवारी अकरा वाजता सांगूक होया काय सुटला ता. मी चार वेळा बघलंय मामा. माझ्या शिक्क्याच्या दिवशी सगळा बरोबर होता. पण आता आत काय तरी वाढलाहा."

"वाढलाहा?"

"काय ता माका कळत नाय."

सत्यवानने बाह्या सरसावल्या. आजाऱ्याची नाडी बघावी तसे डब्यावर बोट ठेवले आणि निदान करून टाकले. "मीठ. समुद्राचा वारा. लिहून दी तुझ्या सरांका."

"मीठ असता तर देवगडचे पण मेले असते. थंय काय गोडो समुद्र आसा?"

मामी हसली. मामाने स्क्रू काढायला घेतले.

झाकण निघाले. आतला बोर्ड तळहाताएवढा, आणि त्यावर तीनशे पार्ट. सत्यवानने भिंग लावले, मग भिंगावर भिंग लावले. रव्यासारखे काहीतरी दिसले, इतकेच. भक्तीने बॅगेतून पेनाएवढी दुर्बीण काढली, मोबाइलला जोडली आणि बोर्डावर धरली. मोबाइलच्या पडद्यावर एक कंडेन्सर विटेएवढा उभा राहिला. शेजारी दुसरा. दोघांच्या मधली गल्ली केसाच्या दोन-चार पट रुंद. आणि त्या गल्लीत झाड होते.

झाडच म्हणायचे. एका टोकाच्या सोल्डरच्या डागातून बारीक खोड निघाले होते, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, चंदेरी, पावसात दगडी गडग्यावर उगवणाऱ्या नेच्यासारखी. पलीकडे जिथे टेकले होते तिथे बोर्ड काळा पडला होता. भक्तीने दुर्बीण सरकवली. आणखी एक. मग तीन एकत्र. एका कोपऱ्यात तर रानच माजले होते.

सत्यवानने चष्मा कपाळावर सरकवला आणि परत खाली ओढला. चाळीस वर्षे त्याने सोल्डर वितळवले, कानाला बिडी लावावी तशी सोल्डरची तार कानावर ठेवली. त्यात मुख्य काय, तर कथील. लहानपणी पेंडूरला कल्हईवाला यायचा, पातेल्यात फडके फिरवायचा आणि काळे पातेले चंद्रासारखे व्हायचे, तेच हे कथील. ते जड, मुके, जिथे ठेवाल तिथे बसणारे. त्याला मूळ फुटते? ते चालत शेजाऱ्याकडे जाते?

"ह्या..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला मिळाला नाही. नवरा बोलता बोलता थांबला हे विमलाने आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्यांदा थांबला तो लग्नातच.

"वीज चालू आसताना थंय ओल इली, आणि ओलीत काय तरी विरघळलेला आसला, तर धातू ह्या बाजूसून त्या बाजूक जाता, असा पुस्तकात होता," भक्ती म्हणाली. "पण ओल खंयसून इली? पावसाची चाचणी मी सोता केलेली. थेंब आत जावक नाय. आणि ओलीत विरघळला काय?"

बोर्डाच्या कडेला थोडा केर दिसत होता. मेकॅनिकची पहिली सवय फुंकर. सत्यवानने गाल फुगवले.

"थांबा!" विमला म्हणाली. शाळेत कॉपी पकडताना यायचा तोच आवाज. ती वाकली. केर नव्हता. चार मेलेल्या मुंग्या होत्या. दुसरा डबा उघडला, त्यात सहा.

"अवो, मिठाक मुंगी लागता काय?"

तिघेही बघत राहिले. मग सत्यवानने झाकणाची आतली बाजू उलटी केली. तिथे पुसटसा, सुकलेला डाग होता. त्याने बोट ओले केले, डागावर फिरवले आणि जिभेला लावले. असे काही करायचे नसते हे त्याला माहीत होते, भक्तीलाही माहीत होते, आणि विमला तर ओरडलीच. पण सत्यवानचा चेहरा बघून तिचा ओरडा अर्ध्यात राहिला. लाटेत होडी उलटावी तसा तो चेहरा उलटला होता.

"गोड," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, जमिनीकडे बघत: "कोणीतरी नारळाचा पाणी वतला असतला."

"कोणीतरी?" विमला म्हणाली.

ती आत गेली आणि स्वतःचा मोबाइल घेऊन आली. नारळी पौर्णिमेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर अजून होता. खाली त्रेसष्ट जणांनी हात जोडले होते. फोटोत सत्यवान पेंडूरकर, नव्या सदऱ्यात, कपाळावर कुंकू, हातात फोडलेला नारळ, आणि नारळाची धार सरळ करड्या डब्यावर.

झाले होते ते असे. डबे आले तेव्हा सोसायटीने दांडीचे अकरा बसवायचे काम सत्यवानलाच दिले. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, होड्यांची पूजा झाली, तेव्हा बाबू तांडेल म्हणाला, "सत्यवानदादा, नवा मशीन आसा, तेचा पण काय तरी करूक होया. आमका काय कळता? तुमी शिकलेले, तुमीच गाऱ्हाणा घाला." हा बाबू म्हणजे दांडीवरचा जुना नाखवा. तो कोणाला 'शिकलेले' म्हणतो तेव्हा शहाण्याने जपून राहावे. पण सत्यवानच्या अंगात वारे शिरले. डबे चालू करून, हिरवे दिवे लावून, उन्हात तापलेल्या अकरा होड्यांवर तो अकरा वेळा चढला आणि अकरा नारळ फोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू आजसून तुझ्या पोटार फिरतला. तेका वाट दाखव, तेका सांभाळ!" खालून सगळे: "व्हय म्हाराजा!" आणि दर खेपेला नारळाचे पाणी, थेंब नव्हे, नारळभर, डब्याच्या डोक्यावर. देवाला काय कमी करायचे?

भक्तीने डबा उलटसुलट केला आणि हळूच म्हणाली, "डबो तापलेलो. वरसून गार पाणी पडला. आतली हवा आकसली, आणि वायरीच्या रबराच्या फटीतसून पाणी आत ओढून घेतल्यान. पाऊस पडता तेव्हा डबो आधीच गार आसता."

हे सांगताना तिचे डोळे चमकले, आणि मग ते मामाकडे गेले आणि विझले. कारण मामा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. अकरा. त्याच्या हाताने, एका दिवसात, वाजतगाजत.

"मी सरांका सांगतंय, होड्येवाल्यांनी नारळ फोडलो," भक्ती म्हणाली. "तुमचा नाव कशाक घेवचा?"

सत्यवानला मोह झाला नाही असे नाही. त्याने दोन्ही डब्यांची झाकणे लावली, एकेक स्क्रू परत बसवला. तेवढ्यात विमलाच्या चांगल्या तीन पोळ्या भाजून झाल्या असत्या. मग तो म्हणाला, "सर गजाली ऐकतत?"

"नाय. पुरावो मागतत."

"मगे मीच येतंय. पुरावो मीच आसय."

रविवारी तो बाबू तांडेलला सांगायला दांडीवर गेला. बाबू जाळे शिवत बसला होता. सगळे ऐकून घेतले, सुई तोंडात धरली, सुई काढली.

"म्हणजे आमी देवाक दिला, ता मशीनान पिल्यान?"

"व्हय."

"आणि तुमच्या हातान आजपर्यंत एकय..."

"बोल. बोल, मन भरान बोल."

"नाय बोलणंय. मी पण येतंय उद्या. 'व्हय म्हाराजा' कोण म्हणा होतो? आमीच." आणि मग खरे कारण सांगितले. "शिवाय ता मशीन जलामता खंय, ता माका बघूचा आसा."

सोमवारी दोघे कारखान्याच्या फाटकावर. सत्यवानच्या पिशवीत नारळ. पहारेकऱ्याने पिशवी उघडली आणि म्हणाला, खाण्याची वस्तू आत नेता येणार नाही. "ही खाण्याची वस्तू नव्हे," सत्यवान ऑफिसातल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "हा आरोपी आहे." नारळाची वहीत नोंद झाली.

आत त्यांना पांढरे झगे घातले, टोप्या घातल्या, चपलांवर कापडी पिशव्या चढवल्या. "देवळात जाताना आमी चपला काढतो," बाबू कुजबुजला, "हंय चपलेकच कपडे." मनगटाला तार बांधली. अंगात साठलेली वीज बारीक पार्टाला मारते म्हणून. सत्यवानला हे माहीत होते, पण ते वाचणे वेगळे आणि हातात बांधून घेणे वेगळे. रक्षाबंधनाला बहीण बांधते तसा त्याने हात पुढे केला.

तपासणीच्या खोलीत जायला एका काचेच्या खिडकीसमोरून जावे लागते. भक्ती पुढे चालली होती, बाबू मागे, आणि मधला सत्यवान थांबला. काचेपलीकडे यंत्र चालू होते. बाजूला चाके लावलेली, सिनेमाच्या रिळासारखी, आणि रिळाच्या पट्टीत ओळीने बसवलेले पार्ट, एका रिळात दहा हजार. वर एक डोके इकडून तिकडे धावत होते. धावत होते हाही शब्द खोटा, कारण धावताना दिसत नव्हते. इथे होते, मग तिथे होते. त्याच्या नळ्या रिळातून कण शोषून घेत, वाटेत एक कॅमेरा प्रत्येक कणाचे तोंड बघून घेई, आणि वाकडा असला तर सरळ करून नळी तो बोर्डावर ठेवी. ठेवी, आपटत नसे. पाखराने पिल्लाच्या चोचीत दाणा द्यावा तसे. खिडकीतून आवाजसुद्धा येत होता तो शिवणयंत्राचा.

"तासाक तीस हजार," भक्ती म्हणाली.

सत्यवानने मनात हिशेब केला. रोज पाच पार्ट, वर्षाचे तीनशे दिवस, चाळीस वर्षे. त्याचा जन्म या डोक्याने सकाळपासून चहाच्या सुट्टीपर्यंत उरकला असता. त्याला वाईट वाटेल म्हणून भक्ती त्याच्याकडे बघत होती. पण सत्यवानचे हात आपोआप जोडले गेले होते, मनगटाच्या तारेसकट, आणि तोंड विशीत उघडले होते तेवढेच उघडले होते.

"मामा, अकरा वाजले."

सुदेश नाईक उंच, शांत, हसण्याची सवय नसलेला माणूस. टेबलावर दोन कागद होते. एकावर भक्तीने खुलासा लिहायचा होता. दुसरा उलटा ठेवला होता, तो कायम करण्याचा. त्याने पाहुण्यांना बसायला सांगितले, भक्तीचे सगळे ऐकून घेतले, मुंग्या पाहिल्या, नेचे पाहिले. मग पेनाचे टोपण लावत म्हणाला, "नारळपाणी कोणी ओतलं?"

सत्यवान उभा राहिला. शाळेत उभे राहतात तसा.

"मी ओतलं साहेब. सगळ्या अकरा डब्यांवर. मी गेली चाळीस वर्षं हेच काम करतो, आणि मला एवढं कळायला हवं होतं. अकरा यंत्रं माझ्या हाताने मेली. या मुलीच्या नजरेतून काही सुटलेलं नाही. सुटलं ते माझ्या."

खोलीतल्या चार-पाच जणांनी माना वर केल्या. फोटो टेबलावर ठेवला गेला.

"तुम्ही तिचे मामा," सुदेश म्हणाला. उद्धटपणे नव्हे. "भाचीसाठी कोणीही असं सांगेल. मुंग्या कुठूनही येतात. हे नेचे नारळपाण्याचेच, हे दाखवता येईल?"

म्हणून नारळ आला. एक नवा बोर्ड मोठ्या दुर्बिणीखाली ठेवला, त्याला होडीवरच्या बॅटरीएवढी वीज जोडली, हिरवा दिवा लागला. बाबूने नारळ फोडला. कुठल्या कोपऱ्यात फोडायचा यावर थोडी चर्चा झाली. भक्तीने सुईच्या टोकाने एक थेंब दोन कंडेन्सरांच्या मधे सोडला आणि डोळा लावला.

बुडबुडे आले. नुसते बुडबुडे. पाच मिनिटे गेली, सात गेली. दिवा हिरवाच. सुदेशने घड्याळाकडे बघितले नाही, पण न बघण्याचा प्रयत्न केला तो सगळ्यांना दिसला. सत्यवानच्या मनात आले: आपण नाव घालवले ते घालवले, पोरीची नोकरीही गेली.

"हो थेंब मोठो झालो," भक्ती स्वतःशीच म्हणाली. ऑफिस विसरून ती मालवणीत बोलत होती. "होडयेर असा झाला नाय. थंय पाणी सुकला. गोड-खारट थर रवलो. मगे दमट वारो इलो, थोडो थोडो..."

तिने थेंब टिपला. पुन्हा सुईने पुसटसा हात फिरवला, गरम हवेने सुकवला. बोर्डावर काहीच उरले नाही असे वाटले. मग तिने तोंडावरची पट्टी खाली केली आणि चष्म्याची काच पुसताना सोडतात तसा एक श्वास बोर्डावर सोडला. हाऽऽ. आणखी एक. डोळा दुर्बिणीला.

"सर," ती म्हणाली. "सर, येवा."

सुदेश वाकला. गल्लीच्या एका टोकाला काळा ठिपका होता. ठिपक्याला टोक फुटले. टोकाचा धागा झाला, धागा थांबला, जणू वाट विचारली, आणि दोन झाला. दोनाचे चार. चंदेरी, बारीक, एकेक पान उलगडत, कथील या टोकाकडून त्या टोकाकडे निघाले होते. कोणी ढकलत नव्हते, कोणी ओढत नव्हते.  मग बोर्डाला जोडलेला मीटर किंचाळला आणि हिरवा दिवा गेला.

सुदेशने डोळा काढला नाही. इतकी वर्षे ऑफिसात शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस फोंड्याच्या घरच्या भाषेत म्हणाला, "देवा, कितें हें!"

मग सत्यवान वाकला. भक्तीने गल्ली बदलून दिली, पुन्हा श्वास सोडला. सत्यवानच्या डोळ्यांसमोर ते उगवले. मेलेले त्याने शनिवारी पाहिले होते, हे जिवंत होते. त्याने श्वास धरला, आपल्या श्वासाने मोडेल म्हणून. चाळीस वर्षे हे आपल्या कानावर बसून होते आणि एकदाही सांगितले नाही, की माका चलूक येता.

मागे सुदेश बाबूला विचारत होता, पुढच्या वर्षीपासून डब्यावर नारळ न फोडणे जमेल का.

"साहेब," बाबू म्हणाला, "नारळ आमी फोडतलो. आजोबान फोडल्यान, बापाशीन फोडल्यान. तुमी तुमच्या लेकराक रेनकोट शिवा."

सुदेशने ते लिहून घेतले. बोर्डावर वार्निशचा थर, रबराची फट बंद, आणि नव्या डब्यांची एक जादा चाचणी, तापवून, नारळपाण्याने, जबाबदार: भक्ती. दांडीचे अकरा डबे बदलून द्यायचे ठरले. मग त्याने टेबलावरचा उलटा कागद सुलटा केला, सही केली आणि हाक मारली, "भक्ती, तुझं पत्र."

"हां सर. इलंय," भक्ती म्हणाली आणि दुर्बिणीवरून हलली नाही. तिसऱ्या गल्लीत दोन नेचे एकदम निघाले होते, समोरासमोर.

"सरक गो," सत्यवान तिच्या पाठीला लागला. "माका बघूक दी."

"तुमी आताच बघलास!"

"ता वेगळा होता."

"आणि मी?" बाबू म्हणाला. "झाड माझ्या डब्यातला, नारळ माझ्या माडाचो, आणि मीच बघूक नाय!"

बाबूच्या मागे टेस्टिंगच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे फाटकावरचा पहारेकरी, नारळाची नोंदवही काखेत मारून. सुदेश नाईकने क्षणभर वाट पाहिली. मग सही केलेले पत्र हातात धरून तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.